शाळा लहान आहे, ख्रिस्ती आहे आणि मुलगी तिथे खूश आहे, मग अडलंय कुठे?

पत्र थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आईने लिहिलंय. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. नवरा टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो, सासूबाईंनी आयुष्यभर विड्या वळून घर उभं केलं. मुलगी दुसरीत आहे, एका ख्रिस्ती ट्रस्टच्या छोट्या इंग्लिश मीडियम शाळेत. सगळी शाळा मिळून दीडशेच्या आसपास मुलं, हिच्या वर्गात २२, आणि शाळा सातवीपर्यंतच. त्याआधी एक वर्ष ती एका मोठ्या शाळेत होती, तिथे ती वर्षभर बोललीच नाही म्हणून काढली. आता नवऱ्याचं म्हणणं की तिसरीपासून विजापूर रोडकडच्या मोठ्या सीबीएसई शाळेत घालू, नाव आहे, बस आहे, ग्राउंड आहे. सासूबाईंना वेगळीच भीती, कारण नात परवा जेवायच्या आधी डोळे मिटून हात जोडून प्रार्थना म्हणाली आणि शेवटी आमेन म्हणाली. आईला शाळा आवडते, पण ती लिहिते, ‘नुसती खूश आहे म्हणून ठेवणं बरोबर आहे का? ख्रिश्चन शाळेत इंग्लिश आणि शिस्त चांगली असते म्हणून घातलं होतं, आता वाटतं एवढ्या लहान शाळेत ती मागे पडेल. मी हट्ट करतेय का?’

ताई,

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात, मला मात्र तिथूनच सुरुवात करायचीय. मोठ्या शाळेत पोर वर्षभर बोलली नाही हे तुम्हाला कधी कळलं तर एप्रिलमध्ये, आणि तेही प्रगतीपुस्तकावर ‘शांत व आज्ञाधारक’ असा शेरा होता म्हणून तुम्ही विचारायला गेलात तेव्हा. आणि या छोट्या शाळेत पहिल्याच आठवड्यात बाईंनी तुम्हाला गेटवर थांबवून विचारलं की घरी कोणती भाषा बोलता, कारण ही मधल्या सुट्टीत पाणी मागत होती ते तेलुगूत मागत होती आणि बाईंच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून बाई स्वतः तिला दोन शब्द तेलुगूत बोलायला लागल्या. तुम्ही हे लिहिलंय आणि लगेच पुढच्या ओळीत विचारताय की लहान शाळेत ती मागे पडेल का. ताई, कुठल्या शाळेत ती मागे पडली होती ते तुम्हीच सांगितलंय की.

लहान शाळेचा फायदा म्हणजे हाच. तिथे मूल लपू शकत नाही. वर्गात ४८ मुलं असली की हुशार पाच आणि दंगेखोर पाच एवढीच बाईंना दिसतात, मधली अडतीस नुसती हजेरीत असतात, आणि यात बाईंचा दोष नाही, कुणालाही ते जमणार नाही. शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे आरटीईत, पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण धरलंय ते उगाच नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं याचा मोठा प्रयोग झाला, मुलं आणि शिक्षक दोघांनाही चिठ्ठ्या टाकल्यासारखं लहान आणि मोठ्या वर्गांत वाटून टाकलं, बालवाडीपासून तिसरीपर्यंत. लहान वर्गातली मुलं वाचन आणि गणितात पुढे गेली आणि जास्त फायदा गरीब घरातल्या मुलांना झाला. पण एक गंमत बघा, तिथे लहान वर्ग म्हणजे १३ ते १७ मुलं आणि मोठा वर्ग म्हणजे २२ ते २५. म्हणजे तुमच्या मुलीचा वर्ग तिथल्या हिशोबाने मोठाच झाला, आणि तुमचे मिस्टर ज्या शाळेबद्दल बोलतायत तिथे एका तुकडीत किती मुलं आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. आधी तो आकडा काढा. बस एसी आहे का ते नंतर.

आणखी एक गोष्ट मी अशा शाळांत बघितलीय, गॅदरिंगच्या किंवा ख्रिसमसच्या कार्यक्रमाच्या वेळी. मोठ्या शाळेत नाटकात तीच दहा मुलं असतात, उरलेली मांडी घालून टाळ्या वाजवतात. छोट्या शाळेत मुलंच कमी असल्याने सगळ्यांना उभं करावंच लागतं. मेंढपाळ तीन लागतात, राजे तीन लागतात, देवदूत लागतात, पडदा ओढायला दोघं लागतात, हार्मोनियमच्या बाजूला गाणाऱ्या पोरी लागतात, आणि दुसरीचा वर्ग २२ चा असला की त्यातली अर्धी स्टेजवर असतातच. अशाच एका कार्यक्रमात मी तोतरं बोलणाऱ्या एका मुलाला बघितलं, त्याला एकच वाक्य होतं, ‘घाबरू नका’, देवदूताचं. त्याला ते वाक्य म्हणायला चांगलाच वेळ लागला आणि बाकीची मुलं हसली नाहीत, कारण प्रॅक्टिसला सगळ्यांनी ते रोज ऐकलेलं. खाली बसलेल्या बाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. मोठ्या शाळेत त्या मुलाला ते वाक्य मिळालंच नसतं, मुद्दाम कुणी टाळलं म्हणून नव्हे, दुसरी दोनशे मुलं हजर असताना त्याच्यापर्यंत नंबर आला नसता म्हणून.

आता लहान शाळेचे तोटेही खरेच आहेत, ते तुमच्या मिस्टरांनी न सांगता मी सांगते. एकच तुकडी असते, म्हणजे वर्गात एखादं मूल त्रास देत असेल तर तुकडी बदलून मिळत नाही, सातवीपर्यंत तेच २२ चेहरे. एखादी बाई चांगली असली तर स्वर्ग, आणि ती सोडून गेली तर त्या विषयाचं वर्षभर काही खरं नाही, कारण बदलीला दुसरी नसते. पगार कमी असतो त्यामुळे जातातही. लॅब नसते, असली तर एका कपाटात असते. ग्राउंड म्हणजे चर्चच्या आवारातली मोकळी जागा. म्हणून शाळेत जाऊन एकच सरळ प्रश्न विचारा की गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले आणि इथे सगळ्यात जुन्या बाई किती वर्षं आहेत. हे उत्तर ज्या शाळेत न अडखळता मिळतं ती शाळा बहुतेक वेळा बरी असते. ज्यांची मुलं तिथेच पाचवी सहावीत आहेत अशा आयांनाही विचारा, गेटवर उभ्या असतातच त्या.

आता ख्रिस्ती असण्याबद्दल. इथे मला आधी तुमच्याच मनातली समजूत जरा हलवायचीय, सासूबाईंकडे नंतर येते. तुम्ही लिहिता की ख्रिश्चन शाळेत इंग्लिश आणि शिस्त चांगली असते म्हणून घातलं. सोलापुरात असं समजणारे हजारो पालक आहेत. पण पाटीवर कुणा संताचं नाव आहे म्हणून इंग्लिश आपोआप चांगलं होत नाही हो. मिशनच्या कितीतरी जुन्या शाळा मराठी मीडियमच्या आहेत, काही सेमी आहेत, म्हणजे गणित आणि विज्ञान तेवढं इंग्रजीतून, आणि तिथून निघालेली मुलं कुठे कुठे पोचलीत. इंग्लिश चांगलं येतं ते वर्गात बोलायला मिळालं तर, आणि २२ च्या वर्गात बोलायचा नंबर लवकर येतो. शिस्तीचंही तसंच. छडीच्या धाकाने पोरं गप्प बसत असतील तर ती शाळा कुठल्याही धर्माची असो, लगेच बाहेर पडा. तुम्ही ज्याला शिस्त म्हणताय ते बहुतेक काहीतरी वेगळं आहे. मी मुद्दाम सकाळी जाऊन बघा म्हणेन. मुख्याध्यापक बाई गेटवर उभ्या असतात का, मुलांना नावाने हाक मारतात का, शिपाईमामांशी मुलं कशी बोलतात, उशिरा आलेल्या मुलाला बाहेर उभं करतात की आधी विचारतात काय झालं म्हणून, डबा न आणलेल्या मुलाचं काय होतं. प्रार्थनेत ‘शेजाऱ्यावर प्रेम करा’ म्हणायचं आणि फी थकलेल्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करायचं, अशी शाळा असेल तर तिच्या ख्रिस्तीपणाचा तुमच्या मुलीला काडीचा उपयोग नाही. आणि जिथे हे वागण्यात उतरलंय तिथे तो फार मोठा फायदा आहे, मी हे मनापासून सांगतेय. रोज सकाळी दहा मिनिटं शांत बसणं, आजारी वर्गमित्राचं नाव घेऊन त्याच्यासाठी काही मागणं, कुणाचं चुकलं तर सॉरी म्हणून ते प्रकरण तिथेच संपवणं, या सवयी सात वर्षांच्या मुलाला लागल्या तर ते मूल पुढे कुठल्याही देवापुढे उभं राहो, माणूस म्हणून नीट उभं राहील.

१९८० च्या दशकात जेम्स कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या सरकारी, कॅथलिक आणि इतर खाजगी शाळांची तुलना केली होती. कॅथलिक शाळांतली मुलं अभ्यासात पुढे दिसली आणि शाळा अर्ध्यात सोडण्याचं प्रमाण तिथे बरंच कमी निघालं. लोकांनी त्यावर भांडणं केली, की अशा शाळा निवडणारे आईबाप मुळातच जागरूक असतात, आणि त्यात तथ्य आहे. पण कोलमनने जे कारण दिलं ते मला आजही पटतं. तो म्हणाला की तिथे पालक एकमेकांना ओळखतात, एकाच चर्चला जातात, एकाचं मूल चुकलं तर दुसऱ्याला कळतं. आता सोलापूरच्या तुमच्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं हिंदू मुसलमान घरातली असणार, म्हणजे चर्चमुळे होणारी ओळख तुमच्या वाट्याला येणार नाही. ती तुम्हाला स्वतः करावी लागेल. पालक सभेला नुसतं सही करून येऊ नका, चार आयांचे नंबर घ्या, एकमेकींच्या घरी मुलांना खेळायला पाठवा. दीडशे मुलांच्या शाळेत हे जमतं, दोन हजारांच्या शाळेत व्हॉट्सअॅप ग्रुप होतो फक्त.

सासूबाईंच्या भीतीला मात्र हसण्यावारी नेऊ नका, तुमच्या पत्रात थोडा तसा सूर आहे. मिशनरी आले तेव्हा धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होताच, तो लपवायचं कारण नाही, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला शंका येणं साहजिक आहे. पण त्याच शाळांतून काय निघालं तेही त्यांना सांगा. जोतिबा फुले १८४१ मध्ये पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले, तिथे शिकले, ख्रिस्ती झाले नाहीत, आणि १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. त्याआधी नगरला अमेरिकन मिशनच्या फॅरार बाईंची मुलींची शाळा ते बघून आले होते. तेच अमेरिकन मराठी मिशन पुढे आपल्या सोलापुरातही आलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मिशनच्या बायका बालवाडी चालवत होत्या, बालवाडीच्या शिक्षिका तयार करत होत्या. लहान मुलांना खेळातून शिकवायचं असतं हे सोलापूरने तेव्हा बघितलंय.

आणि जेवायच्या आधी हात जोडायला तुमच्याही घरी शिकवलंच असेल की, सासूबाईंच्या सासूबाई ताटाभोवती पाणी फिरवल्याशिवाय घास घेत नसतील. नातीने ते दुसऱ्या शब्दांत केलं एवढंच. तिला ओरडू नका, चुकूनही नको, कारण सात वर्षांच्या पोरीला आपण चांगलं वागलो आणि आजी ताटावरून उठली एवढंच समजेल. त्यापेक्षा आजीलाच सांगा की आता तू तुझी शिकव. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथोत्सवाला तिला खांद्यावर घेऊन जा, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नेऊन नंदीध्वज दाखवा, घरातलं घरात भरपूर द्या. ज्या मुलाला घरी काही मिळतं ते शाळेतल्या प्रार्थनेने वाहून जात नाही. आणि शाळेला विचारायचा एक प्रश्न इथेच येतो, नारळी पौर्णिमेला आणि संक्रांतीला मुलगी घरी राहिली तर बाई काय म्हणतात? टिकली, बांगड्या, मेंदीवर काय नियम आहे? ‘आमच्याकडे चालत नाही’ एवढंच उत्तर आलं तर मला ते आवडणार नाही, कारण नीट सांगता येत नाही असा नियम मुलांना फक्त लाजायला शिकवतो.

कायदाही माहीत असू द्या. राज्यघटनेच्या कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे, आणि कलम २८ च्या तिसऱ्या पोटकलमात असं आहे की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुठल्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. म्हणजे बायबलच्या तासाला तिला बसवायचं नसेल तर तुम्ही साधा अर्ज देऊ शकता. मी स्वतः म्हणेन की आधी तो तास काय असतो ते बघा, बऱ्याच ठिकाणी गोष्टी, चित्रं आणि गाणी एवढंच असतं आणि ख्रिस्ती नसलेल्या मुलांना त्या वेळी मूल्यशिक्षण घेतात. पण हक्क तुमचा आहे, आणि सासूबाईंना हे सांगितलं की अर्धी भीती जाते. दुसरं, हे वाचणाऱ्या ज्या पालकांना आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांतून अशा शाळेत फुकट प्रवेश मिळेल असं वाटतंय त्यांच्यासाठी, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही, त्यामुळे तिथे त्या जागा धरून बसू नका. फी सवलत बऱ्याच छोट्या शाळा स्वतःहून देतात, ती थेट मुख्याध्यापकांना भेटून विचारावी लागते आणि विचारण्यात कमीपणा नाही. मराठीची काळजी असणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या की २०२० च्या कायद्यापासून राज्यातल्या शाळांना, बोर्ड कुठलंही असो, मराठी शिकवणं सक्तीचं आहे.

एका बाबतीत मात्र मी फार कडक आहे. शाळेला मान्यता आहे का आणि कितवीपर्यंत आहे ते आधी बघा. बंगल्यात, चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या छोट्या शाळा कितीही प्रेमळ असल्या तरी मान्यता नसेल तर दाखल्याच्या वेळी पोर अडकतं. यूडायस नंबर मागा, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, अकरा आकडी असतो, मान्यतेच्या पत्राची प्रत बघा आणि महापालिकेच्या शिक्षण विभागात जाऊन खात्री करा. चांगल्या शाळेला याचा राग येत नाही.

आता सातवीनंतरचं, कारण मिस्टरांचा खरा मुद्दा तोच आहे आणि तो बिनबुडाचा नाही. त्यांना वाटतंय आठवीत जाऊन बदलायचं तर आत्ताच का नको, तेव्हा सीट मिळेल का, मुलगी बावरेल का. माझं मत असं की तिसरी ही शाळा बदलायची सगळ्यात वाईट वेळ आहे, निदान या मुलीसाठी, आत्ता कुठे ती मोकळी झालीय. पाचवीपर्यंत तिला इथेच राहू द्या, वाचन आणि गणित पक्कं होऊ द्या, आणि पाचवीच्या दिवाळीत तुम्ही दोघं परत बसा. तेव्हा ती दहा वर्षांची असेल, तिलाही विचारता येईल. शाळेची मागच्या तीन वर्षांतली सातवी पास झालेली मुलं कुठे गेली त्यांची नावं मागा, दोघातिघांच्या घरी फोन करा, आठवीत गेल्यावर पहिले सहा महिने कसे गेले ते विचारा. सायन्स लॅब, स्कॉलरशिपची तयारी, खेळ हे सगळं तेव्हा हवंच, मी तेव्हा मोठ्या शाळेच्या बाजूने बोलेन कदाचित. ग्राउंडचं म्हणाल तर संध्याकाळी एखाद्या क्लबात किंवा मैदानावर घाला तिला, त्यासाठी शाळा बदलायची गरज नाही. मोठ्या शाळेच्या बसमध्ये जो वेळ जाईल तेवढ्यात ती खेळून येईल.

मिस्टरांशी बोलताना ‘ती खूश आहे’ असं म्हणू नका, त्याला ते उत्तर देऊच शकत नाहीत आणि मग चिडतात. त्यांना हिशोब कळतो, तर वही दाखवा. जूनमधली वही आणि आत्ताची वही शेजारी ठेवा, तिला एक पान मोठ्याने वाचायला सांगा, मग मोठ्या शाळेतल्या दुसरीच्या मुलाची वही कुणाकडून तरी आणून तीही ठेवा. तुमचं पारडं हलकं निघालं तर ते मान्य करा आणि शाळेत जाऊन बाईंना विचारा की हे कुठे कमी पडतंय. आणि एखाद्या सकाळी कारखान्याला अर्धा तास उशीर करून त्यांनाच शाळेत सोडायला पाठवा, तुम्ही जाऊ नका बरोबर. सासूबाईंना ख्रिसमसच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसवा, नात स्टेजवर असणारच आहे.

मोठ्या शाळेत अॅडव्हान्स भरलाय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तो परत मिळेल का ते तोंडी विचारू नका, प्रवेश रद्द करत असल्याचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पावती जपून ठेवा आणि हे या आठवड्यातच करा, कारण प्रवेश पक्के व्हायला लागले की पैसे अडकतात. मुलीला यातलं काही सांगू नका अजून, तिची परीक्षा चालू आहे.